भेंडाच्या दोन गोळ्या

वैष्णवीनं काचेची कांडी पाचव्यांदा रेशमी फडक्यावर घासली आणि भेंडाच्या दोन गोळ्यांना टेकवली. दोऱ्यांना टांगलेल्या गोळ्या झटक्यात एकमेकींपासून लांब झाल्या. ती मोजपट्टीवर वाकेपर्यंत परत जवळही आल्या.

लॅबचे शिपाई कोंडिबा सकाळपासून शंभरचा बल्ब लावून गोळ्यांची काचपेटी कोरडी करत होते. पण जुलैत भोरमध्ये कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथं गोळ्यांवरचा विद्युतभार काय टिकणार? म्हणून या कॉलेजात पावसाळ्यातल्या फेरपरीक्षेला हा प्रयोग कुणी खरोखर करत नसे. कांडी घासल्यासारखं करायचं आणि जुन्या वहीतली पाठ केलेली अंतरं उतरवायची. बाकीचे दहा जण तेवढं उरकून केव्हाच कँटीनला बसले होते. प्रॅक्टिकल घेणाऱ्या नूतन मॅडमनी सोमवारी ती वही वैष्णवीच्या समोरही ठेवली होती, आडून आडून सुचवलंही होतं. पण पोरगी पाली गावाहून एसटीनं यायची आणि सरावाचे तीनही दिवस खरीखुरी कांडी घासत बसायची. या एका प्रयोगापायी तिची पदवी अडकली होती, आणि ही शेवटची संधी होती.

तिनं पेपरात दिसलं तेच लिहिलं. आठ मिलिमीटर, तीन, शून्य. खाली एक ओळ : भार टिकत नाही.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. पेपर वाचून ते पेन हातात धरून थांबले.

"मॅडम, या हवेत इथं रीडिंग निघतात का? निघत नसतील तर सांगा, हिला मी पास करतो. मग बाकीच्यांचे पेपर मात्र परत बघावे लागतील."

नूतन तासिका तत्त्वावर होती, दर वर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर. ती दहा पोरं, प्राचार्य, यंदा अजून हातात न पडलेली ऑर्डर, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटत असतानाच ती म्हणाली,

"निघतात, सर."

परीक्षकांनी तीसपैकी सहा मार्क दिले. त्याखाली नूतननं सही केली.

ते गेल्यावर वैष्णवी आत आली. टेबलावरच्या कागदावरचा आकडा तिनं वाचला. ती रडली नाही. रडली असती तर नूतनला बरं वाटलं असतं.

"मॅडम, समद्यांचं निघालं, माजंच न्हाई निघालं. कुठं चुकतंय माजं? येकदा करून दावा ना."

कोंडिबांनी बल्ब पुन्हा लावला. नूतननं कांडी उचलली. शिकत असताना तिनंही आकडे उतरवलेच होते. हा प्रयोग तिनं जन्मात कधी केला नव्हता.

ती कांडी रेशमावर घासू लागली. वैष्णवी वही उघडून मोजपट्टीशी वाकली आणि मॅडमचा आकडा टिपून घ्यायला पेन्सिल टेकवून थांबली.