मालकाच्या मशीनवरचा निळा डोंगर

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात कॉम्प्युटर खरं तर एकच आहे, कोपऱ्यात दिवसभर घरघरणारा. त्याच्या पोटात मी तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकातच तीन वेगळे कॉम्प्युटर, बसवली आहेत: एक हिशेबाचं, एक नणंदेचं, एक सासऱ्यांचं. टेबलांवर नुसते पडदे. मेमरी बत्तीस जीबी, आणि तिची वाटणी सासऱ्यांनी जातीने केली. सोळा स्वतःला, कारण ते मालक. नणंदेला चार. थ्रीडी ग्राफिक्सही त्यांच्याकडेच, पत्ते उलटताना छान वळतात म्हणून. एवढ्या ऐवजावर बाबा मेल वाचतात आणि पत्ते खेळतात.

नणंदेने एका हॉटेलच्या स्वयंपाकघराचं ड्रॉइंग केलं होतं. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं. त्याला ते पडद्यावर फिरवून दाखवता आलं, तर डिझाइनचं काम कायमचं तिचं. नाहीतर बाहेरचा माणूस नेमून तिला फोनवर बसवायचं, असं बाबांनी जाहीर केलं होतं. आणि सकाळपासून ड्रॉइंग फिरवलं की कपाट हवेत लटकायचं आणि पडदा गोठायचा.

“वहिनी, मी फोनवर नाही बसणार,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांकडे मेमरी मागण्यात अर्थ नव्हता. मागे मागितली तेव्हा त्यांनी मला मालक कोण हे समजावलं होतं. न विचारता घ्यावी, तर मशीन बंद केल्याशिवाय मेमरी बदलता येत नाही. घोडं तिथेच अडलं, कारण बाबा मशीन बंदच करत नाहीत.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“बाबा, तुमचं मशीन जरा नीट करून देते. पाच मिनिटं बंद करा.”

“डाव अर्धा आहे, सूनबाई.”

डाव हरण्यातलाच होता. मी खुर्ची ओढली आणि शेजारी बसून तो जिंकून दिला. काळी दश्शी लाल गुलामावर ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं, आणि मला दात-ओठ खायला वेळ नव्हता. जिंकल्याच्या खुशीत त्यांनी मशीन बंद केलं.

मी त्यांना चार जीबी ठेवले, बारा नणंदेच्या मशीनला जोडले. त्यांचं थ्रीडी बंद, तिचं चालू, व्हिडिओ मेमरी जाईल तेवढी वर. मग बाबांच्या पडद्यावर निळ्या डोंगराचं चित्र लावलं आणि अक्षरं मोठी केली.

बाबांनी पत्ते उघडले. आता पत्ते वळत नव्हते, नुसते उलटे पडत होते.

“बघ, कसे झटकन पडतात,” ते म्हणाले. “आधी किती वेळ लावायचे.”

माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी नणंदेने अख्खं स्वयंपाकघर गरगर फिरवलं, ओट्याखाली शिरून नळ दाखवले. गिऱ्हाइकाने तिथेच होकार दिला. बाबांची छाती अशी फुगली की मलाही त्यांचं कौतुक वाटलं. लेकीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला बोलावलं.

“सूनबाई, आजपासून डिझाइन हीच बघणार. हिचं मशीन अगदी माझ्यासारखं करून दे. मी हात आखडता घेणार नाही.”

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. तिला नवी वाटणी ठाऊक होती.

“आत्ता करते, बाबा,” मी म्हणाले, आणि तिच्या पडद्यावर निळा डोंगर लावला.

बाबा समाधानाने केबिनकडे वळले. “आता कळेल तिला,” ते म्हणाले, “वेग म्हणजे काय असतो.”