कंपासपेटीच्या विटा

"हा किल्ला नाहीये, ताई," वर्षाली मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच बघा."

अंजलीने बघितलं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून दिवाळीआधीचे किल्ले मांडले होते. तिसरीच्या पोरांनी दगड रचून वर चिखल लिंपला होता, बुरूज काढले होते, मोहरी पेरून जंगल केलं होतं. तिच्या स्वरूपाच्या गटाच्या जागेत मात्र नुसत्या विटा होत्या. वीतभर लांबीच्या, एका मापाच्या, ओळीने मांडलेल्या. खाली कोरडी माती भुरभुरलेली आणि दोन विटांमध्ये वारा खेळेल एवढी फट. शेजारी कंपासपेटीचं झाकण चिखलाने बरबटून पडलं होतं.

"गटातली पोरं रडायला लागली, आमचा किल्ला कुठाय म्हणून. ही म्हणते, आधी विटा नकोत का?" मॅडम हसल्या, पण त्यांचं हसू लगेच विरलं. त्या मूळच्या मोशीच्या. वडिलांची एकेकाळी वीटभट्टी होती, आता त्या जागेवर बारा मजली सोसायटी आहे. "ताई, प्रत्येक विटेआधी ती झाकणाला कोरडी माती चोळत होती, चिखल चिकटू नये म्हणून. उकिडवी बसून मागे मागे सरकत होती. भट्टीवरची पोरं असं करतात. तुमचे मिस्टर तर कंपनीत आहेत ना?"

"आधी चाकणला राहायचो आमी. रस्त्यात भट्टी होती," अंजली म्हणाली. "बघितलं असंल तिनं."

"असेल. सुट्टीनंतर एकदा निवांत बोलू आपण."

मॅडम याहून एक अक्षर जास्त बोलल्या नाहीत. पण चोराच्या मनात चांदणं. शाळेपासून थेरगावच्या खोलीपर्यंत अंजलीला वाटत राहिलं की रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा आपल्याकडेच बघतोय.

स्वरूपाचं नाव स्वरूपा नव्हतं. ती सुकी होती. चाकणच्या पुढे भट्टीजवळ अंजली आणि तिचा नवरा ज्योतीराम भाड्याने राहत, तेव्हा पाण्याला येणारी अंबी नावाची कातकरी बाई तिला काखेत घेऊन यायची. पाऊस जवळ आला, भट्टी बंद झाली, बिऱ्हाडं गावाकडे निघाली. तीन-साडेतीन वर्षांची पोर, आईशेजारी बसून इवल्या विटा पाडणारी, तापाने फणफणलेली. गावाकडे पावसाळ्यात कामही नाही आणि धड खायलाही नाही. अंबीने तिला अंजलीच्या दारात निजवलं आणि म्हणाली, "पावसाळाभर सांभाळ, बाई. दिवाळी झाली की येते."

अंजलीचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. देव झाले, डॉक्टर झाले, सासरची टोमण्यांची पारायणं झाली. ती पोर पहिल्यांदा तिच्या कुशीत झोपली, त्या दिवशी तिला पोटभर रडू आलं. पावसाळा संपत आला तशी ती अंबीच्या येण्याचे दिवस मोजू लागली. दसऱ्याच्या आतच त्यांनी खोली बदलली. कुठे जातोय ते घरमालकालाही सांगितलं नाही. थेरगावात कोण कुणाला विचारतं? मुलगी आमची, नाव स्वरूपा, झालं. पोर सुरुवातीला "आये, आये" करून रडायची. मग थांबली, आणि मम्मी म्हणायला लागली.

ज्योतीराम पहिली शिफ्ट करून आला तेव्हा अंजलीने त्याला सगळं सांगितलं. त्याने बुटाच्या नाड्यासुद्धा सोडल्या नाहीत.

"आकुर्डीला खोली बघतो. शाळा बदलू."

"अन् तिथंबी विटा केल्या तर?"

"तिला बजावून सांग ना, चिखलात हात घालू नको म्हणून."

"काय म्हणून सांगू, अहो?"

ज्योतीराम खाली वाकून नाड्या सोडू लागला. तो वाईट माणूस नव्हता. पोरीसाठी ओव्हरटाइम करायचा, तिला खांद्यावर बसवून डांगे चौकात फिरवायचा. तो फक्त घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला खोली बदलण्यापलीकडे काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी लागली होती, तरी स्वरूपाने हट्ट धरला. विटा उभ्या करायच्यात, नाहीतर तडकतील. वॉचमनची विनवणी करून दोघी आत गेल्या. पोर उकिडवी बसली आणि एकेक वीट अलगद कडेवर उभी करत गेली. अंजलीही शेजारी बसली. तिच्या हातात पहिलीच वीट मोडली.

"असं नाही, मम्मी. आधी बोटानं सोडव तिला."

"कुणी शिकवलं गं तुला?"

"कुणी नाही. हाताला येतंय." मग मान खाली ठेवूनच तिने विचारलं, "मम्मी, मी भट्टीवरची आहे का? मॅडम विचारत होत्या."

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. अंजलीने तोंड उघडलंही, पण मग ती मोडलेल्या विटेचे तुकडे गोळा करू लागली. नाव बदललं, बोली बदलली, तेल लावून केसांचा पिंगटपणाही घालवला. पण हात तिच्या आईचेच राहिले होते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आज नाही तर उद्या ही पोर पुन्हा विचारणार, आणि तेव्हा आपल्याकडे बघताना हिचे डोळे कसे असतील, या विचाराने अंजली हादरून गेली. पोर जाईल ही भीती तिला रोजच होती. पोर आपला तिरस्कार करील ही भीती त्या दिवशी पहिल्यांदा आली, आणि ती जास्त मोठी निघाली.

भाऊबीज झाली. भट्ट्या सुरू झाल्याचं कुणीतरी सांगितलं, तशी अंजली पोरीला घेऊन अंबीकडे जायला निघाली. ज्योतीराम दारात आडवा उभा राहिला.

"स्वतःच्या हातानं घर पेटवायलीस तू."

"चला ना तुमी बी."

तो आला नाही. पण दारातून बाजूला झाला आणि पोरीच्या फ्रॉकची मागची नाडी नीट बांधून दिली.

बसमध्ये अंजलीने स्वरूपाचं दप्तर मांडीवर घेतलं होतं. ते तिने मुद्दाम आणलं होतं. काय बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं: शाळा बुडू देऊ नको, माझ्याकडेच राहू दे, तू कधीही ये, पाया पडते तुझ्या.

भट्टीवर अंबी विटांच्या चिखलाचा गारा पायांनी मळत होती. तिने आधी अंजलीला ओळखलं, मग पोरीकडे पाहिलं. गाऱ्यातले तिचे पाय तिथेच थांबले.

"खोलीला कुलूप व्हतं," ती म्हणाली. "दरसाली येऊन बघायची मी."

अंजलीला घोकलेलं काहीच आठवेना. "शाळेत हुशार हाय ती," एवढंच तिच्या तोंडून आलं.

अंबीने मान हलवली. तिच्या आवाजात राग असता तर अंजलीला बरं वाटलं असतं.

"लय लांबला, बाई, तुझा पावसाळा."

ती पोरीजवळ आली. हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. पण पोरीच्या अंगात दिवाळीचा फ्रॉक होता, गुलाबी. अंबीचे हात वरच्या वरच राहिले.

पोर तिच्याकडे बघत राहिली. ओळख पटली की नाही, देव जाणे. मग तिची नजर पलीकडे कालच्या थापलेल्या विटांच्या ओळींवर गेली.

"ह्या उभ्या करायच्यात ना?" तिने विचारलं.

ती उकिडवी बसली आणि पहिली वीट बोटाने सोडवून कडेवर उभी केली. फ्रॉकला चिखल लागला. तेव्हा कुठे अंबीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तीही विटा उभ्या करू लागली.

अंजलीने दप्तर खाली ठेवायला कोरडी जागा शोधली. सगळीकडे गारा होता. तिने ते पोटाशी धरलं आणि तशीच उभी राहिली.