राडारोड्याला जागा

"वरची तारीख बदला आणि खाली सही ठोका. दोन मिनिटांचं काम आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी पाच वर्षांपूर्वीचा नकाशा टेबलावर पसरला.

नकाशाबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. बांधकाम खात्यात नकाशे काढता काढता बत्तीस वर्षं गेली होती, त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकातच काय ते उरलं होतं. निवृत्तीला चार महिने होते. अशा माणसाने खरं तर मान खाली घालावी, सही करावी आणि निरोपाचं भाषण ऐकून गप घरी जावं.

पण नकाशा त्यांनीच काढलेला होता. तेव्हाच्या वादळात पडलेल्या घरांचा राडारोडा कुठे टाकायचा, ते त्यांनीच त्यात दाखवलं होतं: ओढ्याकाठची सखल जागा. मोजणी भर उन्हाळ्यात झाली. ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता, शेळ्या चरत होत्या. बाईंनी सुबक अक्षरात लिहिलं, 'पडीक जागा'. हजारभर गाड्या तिथे रित्या झाल्या आणि सगळे ते विसरून गेले. गेल्या आठवड्यात पूर आला. पाण्याला आपली जागा भरलेली दिसली, तसं ते शेजारच्या गल्लीत घुसलं. चाळीस घरं बसली. त्यांतलं एक बाईंच्या दादाचं.

दादा-वहिनी आता शाळेच्या एका वर्गात राहत होते. सकाळी बाई डबा घेऊन गेल्या, तेव्हा वहिनींनी तोंड फिरवलं. दादा मात्र हसला. "तुझ्या नकाशात आमचं घर अजून आहे ना? मग झालं तर," म्हणाला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

"का?"

"ती जागा पाण्याची आहे. तेव्हा चुकले. तीच चूक तारीख बदलून पुन्हा करायला मला काही म्हातारचळ लागलेला नाही."

"मग चाळीस घरांचा राडारोडा टाकू कुठे? माझ्या डोक्यावर?"

"डोक्यावर नको. अंगणात टाका."

बाईंनी खणातून दुसरा नकाशा काढला. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून तो केला होता. कचेरीचं आवार: उंच, मुरमाड, रस्त्याला लागून. लाकूड, लोखंड, दगड-विटा, घरसामान असे चार ढीग. ज्याचं त्याने ओळखून न्यायचं, उरेल ते भरावाला धाडायचं. दगड-विटांचा ढीग नेमका साहेबांच्या गाडीच्या जागेवर आला होता. बाईंनी मुद्दाम केलं असं नाही. म्हणजे, अगदीच नाही असंही नाही.

"सोमवारी वरचे लोक पाहणीला येणार आहेत. त्यांना दारातच ढिगारे दाखवू?"

"पाहायलाच येतायत ना? पायपीट वाचेल त्यांची."

चहा घेऊन आलेल्या शिपायाला हसू आलं, ते त्याने खोकल्यावर निभावलं.

साहेबांचा पारा चढला. "चौकशी लावीन बाई. पेन्शन अडकेल."

"लावा. चौकशीत मी आधी माझीच चूक सांगणार आहे." बाईंनी जुन्या नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "शेजारची सही कोणाची, ते विचारतीलच."

ती सही साहेबांची होती. तेव्हा ते याच कचेरीत धाकटे साहेब होते. आता राडारोडा उचलायचं काम आजच सुरू झालं पाहिजे असा वरून हुकूम होता आणि बाहेर सहा टिपर उभे होते. साहेबांनी नव्या नकाशावर 'तात्पुरते' असा शेरा मारून सही केली आणि म्हणाले, "चौकशी मात्र लावणारच."

"लावाच," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

टेपचं एक टोक शिपायाच्या हातात देऊन त्यांनी स्वतः आवारात चुन्याची फक्की मारली. पांढऱ्या रेघा, चार चौकोन. ऊन चटके देत होतं, गुडघे बोलत होते, पण बत्तीस वर्षांत आपला नकाशा जमिनीवर उतरताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

चारच्या सुमारास पहिला टिपर रिता झाला. चिखलातून एक निळं दार घसरत खाली आलं. त्याची कडी उलटी होती. दादाने हौसेने स्वतः बसवलेली. पाहुणे ती खाली ओढत बसायचे आणि घरातले हसायचे.

बाईंचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी कडी वर उचलली. ती उघडली.

"तुमच्या ओळखीचं आहे का बाई?" टिपरवाल्याने विचारलं. "वेगळं ठेवू?"

"नको. लाकडात ठेवा, रांगेत." बाईंनी रुमालाने दारावरचा चिखल पुसला, खडू घेतला आणि त्याच सुबक अक्षरात त्यावर दादाच्या घराचा नंबर घातला.

मग त्यांनी पुढच्या गाडीला हात केला.