सावकाश मागं घेतला

ताहेराच्या टेबलावर तो जबाब आला तेव्हा कडुबाला मरून सात महिने झाले होते.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर तिची भाड्याची खोली होती. सकाळी तिथं ती इंग्रजी बोलायचे वर्ग घ्यायची आणि दुपारी वकिलांचे मराठी-उर्दू कागद इंग्रजीत करून द्यायची. खाली 'भाषांतर खरं व बरोबर आहे' म्हणून तिची सही असायची. सोळा वर्षांत खून, जाळणं, कुऱ्हाडीचे घाव, सगळं तिनं टाइप केलं होतं आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली होती.

जबाब कडुबाच्या बायकोचा, मालनबाईचा होता. गाव कन्नडजवळचं. दोघांचा ऊस तुटून शेतात पडला होता आणि बाहेर काढायची एकमेव वाट शेजारच्या आप्पासाहेबानं नांगरायला घेतली होती. कडुबा ट्रॅक्टरपुढं जाऊन उभा राहिला. आप्पासाहेबानं ट्रॅक्टर थांबवला नाही. धडकेनं कडुबा आडवा पडला आणि मागचं मोठं चाक त्याच्या दोन्ही मांड्यांवरून गेलं. हाडं मोडल्याचा आवाज मालनबाईला चाळीस पावलांवर ऐकू आला. कडुबा जिवंत होता. हात वर करून ओरडत होता. पुढची ओळ पोलिसांनी जवळजवळ तिच्याच बोलीत उतरवली होती:

'मग त्यानं ट्रॅक्टर थांबवला, मागं वळून बघितलं अन् सावकाश माझे मालक कडुबा यांच्या छातीवरून परत मागं घेतला.'

कागद घेऊन आला होता आप्पासाहेबाचा पुतण्या शिवम. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. आप्पासाहेबाच्या जामिनासाठी हायकोर्टात अर्ज टाकायचा होता. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, या सावकाशला केअरफुली लिहा. ही केअरफुली रिव्हर्स्ड द ट्रॅक्टर. तिथं फुलस्टॉप. छातीचं पुढच्या वाक्यात घ्या."

ताहेराला लगेच कळलं. हेच ती रोज सकाळी फळ्यावर शिकवायची. गुलमंडीत कापडाच्या दुकानात काम करणारी मोनिका पहिल्या आठवड्यात 'आय व्हेरी लाइक' म्हणायची, तिला तिनं सांगितलं होतं की असली क्रियाविशेषणं वाटेल तिथं बसत नाहीत, आणि ज्या क्रियेशेजारी बसतात तिचाच रंग घेतात. काळजीपूर्वक ट्रॅक्टर मागं घेतला म्हटलं, तर जखमीला वाचवायला धडपडणारा माणूस दिसतो. मग चाक छातीवरून गेलं, तर तो बिचाऱ्याचा अपघात. पण काळजीपूर्वक छातीवरून घेतला म्हटलं, तर दुसराच माणूस दिसतो. एका पूर्णविरामानं खुनाचा अपघात होत होता.

तिनं सांगितलं की मूळ जबाबात तिथं पूर्णविराम नाही, आणि कागद परत केले. शिवम हसला. दुसरे पुष्कळ आहेत म्हणाला. खरंच होते. चार दिवसांत त्यानं हवं तसं भाषांतर दुसऱ्याकडून करून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मालनबाई स्वतः जिना चढून आली. जामिनाला विरोध करायला तिच्या भावानं वकील दिला होता आणि त्या वकिलानं तिला नेमकं ताहेराकडंच पाठवलं. बाई पन्नाशीची असेल. खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खालीच बसली.

ताहेरानं तिला पाणी दिलं. हे काम घ्यावं की नाही, असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण तिनं ते घेतलं. मग तिनं विचारलं, "मावशी, सावकाश म्हणजे कसा? हळू, की जपून?"

मालनबाईनं पाण्याचा पेला फरशीवर ठेवला.

"आधी नांगर वर घेतला त्यानं," ती म्हणाली. "फाळ आडकंल, मोडंल म्हनून. मग मागं बघितलं. चाक जरा बाजूला जात व्हतं, तर टेरिंग वळवून नीट केलं. म्या वरडत पळत व्हते. त्याला लई टाईम व्हता, ताई."

मग तिनं तोंडाला पदर लावला आणि कडुबाच्या तोंडातून काय काय बाहेर आलं ते सांगितलं. ते जबाबात नव्हतं. ताहेरानं ते लिहून घेतलं नाही, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

शिवमला खबर लागायला दोन दिवस लागले. तो आला तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते, वर्ग सुटला होता. मोनिका तेवढी खाली झेरॉक्स काढायला गेली होती. शिवमबरोबर एक दांडगा माणूस होता, त्यानं आत येऊन दाराला पाठ लावली.

मालनबाईचे कागद इथं आहेत का, असं शिवमनं विचारलं. ताहेरा हो म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. त्यानं तिच्या कानशिलात मारली. चष्मा उडून पडला. ती उठायला लागली तशी दुसरी बसली, आणि तिचं डोकं मागच्या लोखंडी कपाटावर आदळलं. टेबलावरचं पंचिंग मशीन हाताला लागलं ते तिनं त्याच्या तोंडावर फेकलं. त्याचा ओठ फाटला. शर्टावर रक्त सांडलं तसा त्याचा मऊपणा संपला. त्यानं तिचे केस धरून तिला खाली पाडलं आणि पोटात लाथ घातली, मग अजून एक. दांडग्यानं तिचा उजवा हात मनगटाला धरून कपाटाकडं ओढला आणि बोटं बिजागरीच्या फटीत घातली.

ताहेरानं डोळे मिटले. कपाटाचं दार धाडकन आपटेल, असं तिला वाटलं. शिवमनं ते आपटलं नाही. फाटलेला ओठ चाटत, तिच्या तोंडाकडं बघत, तो दार लोटत राहिला. थोडं लोटायचा, थांबायचा, पुन्हा थोडं. अंगठीच्या बोटाचं हाड मोडलं तेव्हा तो थांबला आणि मग करंगळीवर जोर येईल असं दार नीट धरलं. तिच्या तोंडातून जो आवाज निघत होता तो आपला आहे, हे तिला कळत नव्हतं.

"आता कर टाइप," तो म्हणाला.

मोनिका वर आली ती त्या आवाजानं. दांडगा खोलीच्या दारापासून आत आला होता, म्हणून ते उघडलं. तिनं काही विचारलं नाही. दाराजवळचं लोखंडी स्टूल उचललं आणि शिवमच्या पाठीत घातलं, मग मानेवर. तो गुडघ्यावर आला तरी ती थांबली नाही. स्टुलाचा पाय वाकला. दांडग्यानं तिला भिंतीवर ढकललं, तिची भुवई फुटली, पण तोवर झेरॉक्सवाला आणि खालची चार माणसं जिन्यात आली होती. दांडगा त्यांच्यातून पळाला. शिवमला पळता आलं नाही. लोकांनी त्याला जिन्यावरून खाली नेईपर्यंत पोलिसांसाठी फारसं शिल्लक ठेवलं नाही.

दवाखान्यात ताहेराचा नवरा जहांगीर तिच्या प्लास्टरकडं बघत बसला होता. त्याचं टायरचं दुकान होतं, तो कुणाशी कधी भांडत नसे. "छोड दे वो कागज," तो हळूच म्हणाला. "हमारे घर का मामला नहीं है."

"हाथ तो हमारे घर का है," ताहेरा म्हणाली.

सुनावणी पाच दिवसांवर होती. तिनं डाव्या हाताच्या एका बोटानं सतरा पानं टाइप केली. दुखण्याची गोळी घेतली की अक्षरं हलायची, म्हणून दुपारची गोळी ती टाळायची. त्या ओळीशी आली तेव्हा तिनं दोन्ही शब्द घेतले. केअरफुली चुकीचं नव्हतं, हे आता तिला ठाऊक होतं. फक्त ते छातीपासून तोडायचं नव्हतं. 'ही स्लोली अँड केअरफुली रिव्हर्स्ड द ट्रॅक्टर ओव्हर द चेस्ट ऑफ माय हजबंड कडुबा.' मध्ये कुठंही स्वल्पविरामसुद्धा नाही. आणि खात्री म्हणून खाली टीप टाकली, की मूळ शब्दाचे हे दोन्ही अर्थ होतात आणि मूळ वाक्य अखंड आहे.

न्यायमूर्ती मराठीच होते. त्यांनी दोन्ही भाषांतरं बाजूला ठेवली आणि मूळ जबाब स्वतः वाचला. मग आप्पासाहेबाच्या वकिलाला विचारलं, की तुमच्या भाषांतरात हा पूर्णविराम कुठून आला. वकील म्हणाले, टंकलेखनातली चूक असावी. अर्ज फेटाळला गेला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

खटला अजून उभा राहायचा आहे. शिवम दीड महिन्यात सुटला. क्रांती चौकात दिसतो, मान जरा वाकडी धरून चालतो. ताहेराची दोन बोटं पुरती वळत नाहीत. तिनं कपाट विकलं आणि वर्ग एका आठवड्याच्या खाड्यानंतर पुन्हा सुरू केला. मोनिकाच्या भुवईवर पाच टाके पडले. दुकानाच्या मालकानं कारण विचारलं तेव्हा तिनं घसरून पडले असं सांगितलं, कारण भांडखोर मुलगी त्याला दुकानात नको होती.

जामीन नाकारल्यावर चार दिवसांनी मालनबाई आली. पिशवीतून तिनं हुरड्याचं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "त्ये इंग्रजीतलं वाचून दाखवा."

ताहेरानं वाचलं. मालनबाईनं पुन्हा वाचायला लावलं. तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती मान खाली घालून ऐकत होती.

"याच्यात ह्यांचं नाव कुठंय?" तिनं विचारलं.

ताहेरानं तिचं बोट धरून कागदावर ठेवलं. बोट जाड होतं, नखात माती होती. ते नावावरून एकदा पुढं गेलं, मग परत आलं आणि तिथंच थांबलं.

थोड्या वेळानं मालनबाईनं डोळे पुसले, तीनची कन्नडची एसटी मिळंल का असं विचारलं, आणि जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी यायची होती. तहसीलदारानं वाट मोकळी करून दिली होती आणि यंदाचा ऊस तिला एकटीला काढायचा होता.