कचऱ्यातले नऊ ठिपके

कोणी ठरवलं हो, की मी कचरा आहे? ना बघितलं, ना विचारलं, थेट टोपलीत!

मी एक ठिपका बोलतोय. क्ष-किरणाचा एक कण, संगणकाच्या पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढा. माझा जन्म एका तान्ह्या ताऱ्यावरच्या भडक्यात झाला. तारा जेमतेम लाखभर वर्षांचा, म्हणजे अजून दुपट्यातच. आणि दुपटं कसलं, तर धुळीचं, हे एवढं जाड! माझी मवाळ, म्हणजे कमी ऊर्जेची, भावंडं त्यातच जिरली. आम्ही मोजके तापट तेवढे आरपार निघालो आणि शेकडो वर्षांनी अवकाशातल्या एका दुर्बिणीवर आदळलो.

आमच्या शेजारचे दोन तारे वयानं मोठे. मधल्याभोवती धुळीची तबकडी. त्याचं खाणं अजून चालूच. थोरल्याची तबकडी कधीच संपली, तो उघडाबोडका लखलखतो. त्या दोघांच्या मवाळ कणांचे हजारो ठिपके पडले, कौतुक झालं. आमच्यावर मात्र गाळणी चालली: ठरावीक ऊर्जेच्या वरचे सगळे कण बाद.

हे सगळं एका मुलीच्या प्रबंधासाठी चाललं होतं. शेवटचं प्रकरण शुक्रवारी द्यायचं, आणि तक्त्यात तान्ह्या ताऱ्यांचा रकाना रिकामा.

"लिही, या वयात क्ष-किरण निघत नाहीत," तिचे सर म्हणाले. "सुटलीस!"

"निघत नाहीत, की आपणच फेकतोय?"

"अगं, त्या ऊर्जेला भरकटलेल्या कणांचा कचराच फार. मी विद्यार्थी होतो तेव्हापासून हीच गाळणी आहे."

"तेच तर! दुपट्यातून येणार ते तापटच येणार ना, सर? एवढ्याशा पोराला थोरल्याचं माप कसं लावायचं?"

तिनं गाळणी सैल केली. धुळीपलीकडचं बघणाऱ्या दुसऱ्या दुर्बिणीनं तो तान्हा तारा जिथं दाखवला होता, नेमके तिथंच आम्ही नऊ जण दाटीवाटीनं बसलेलो. इतरत्र तेवढ्या जागेत एखादाच भरकटलेला.

"नऊच?" सरांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"शेजारून नऊ वेळा रडणं ऐकू आलं, तर घरात मूल आहे म्हणाल की नाही?"

सर हसले. "मी म्हणेन गं. परीक्षक एका फटक्यात पुसून टाकतील."

मग तिनंच आम्हाला पुसायचा चंग बांधला. यंत्राचा दोष म्हणून तपासलं, शेजारच्या ताऱ्याची सांडलवंड म्हणून तपासलं, निव्वळ योगायोग म्हणूनही. आम्ही जागचे हललो नाही. गुरुवारी दुपारी तिनं रिकाम्या रकान्यात "नऊ" लिहिलं आणि सरांना हाक मारायला धावली.

गाळणी हवीच, नाहीतर खरा कचरा डोक्यावर बसेल. पण ती कोणाच्या मापानं विणली, एवढं तरी विचारत जा! मी टोपलीतून वर आलो. माझ्यासारखे कितीतरी अजून तळाशी आहेत.

सर आणि ती आत आले, तेव्हा सफाईच्या मावशी ओलं फडकं घेऊन पडद्यासमोर उभ्या होत्या.

"ताई, केव्हाची घासतेय," त्या वैतागून म्हणाल्या, "पण हे ठिपके काही जात नाहीत बाई!"