चंद्राची बैठक

हंसाने ओलं गोणपाट पाटीवर ओढलं, काष्टा सारखा केला आणि कोणाशी न बोलता ती बाजारामागच्या खाडीकडे धावली. सकाळपासून धरून ठेवलं होतं; आता मांदेलीचा एक वाटा लावण्याइतकाही धीर उरला नव्हता. तिवरांचा आडोसा तसा फार लांब नव्हता. पण मधला चिखल, ताडीच्या दुकानाबाहेर बसलेले टवाळ, आधीच आडोशाला गेलेल्या बाया, हे सगळं निभावून परत यायला बराच वेळ जाई.

ती परतली तेव्हा इराण्याच्या चिकूवाडीवरचा आचारी शुक्रा तिच्या शेजारच्या कोळणीसमोर, चंद्रासमोर, उकिडवा बसून पापलेटांचे कल्ले उघडून बघत होता.

डहाणूच्या बाजारात भेंडीच्या झाडाखाली बसणाऱ्या कोळणींचा एक कायदा होता. पाटी झाकलेली असली की तिचं गिऱ्हाईक मोकळं. शेजारणीने ते घेतलं तर त्यावरून भांडायचं नाही. हंसाच्या तोंडाचा पट्टा एरवी सगळ्या बाजाराला ऐकू जायचा, पण या कायद्यापुढे तिचं काही चालत नव्हतं. तिने गोणपाट काढून बाजूला फेकलं.

"शुक्राभाऊ, माझी पापलेटं पहाटेची हायत," ती म्हणाली.

"मंग जागेवर बसावं ना बाई," शुक्रा न वळता म्हणाला. "शनिवारी बंगल्यात मोठं जेवण हाय. शुक्रवारी बगून सांगीन. जिला सांगीन तिचीच मासळी उन्हाळाभर येनार. मला भरवशाची बाई पायजे."

 चंद्राने डब्यातलं पाणी ओंजळीने मासळीवर मारलं, थोडं आपल्या पायांवर, थोडं बसल्या जागेभोवती. हे तिचं दिवसभर चाले. तिच्याभोवतीची जमीन कायम ओली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. बाकीच्या बाया म्हणत, चंद्राची मासळी बघा कशी जिती दिसते. हंसाला तो सगळा नखरा वाटे.

आणि ती उठत नसे, हे तर हंसाच्या डोळ्यांत सलत होतं. सकाळच्या पहिल्या गाडीच्या वेळेला चंद्रा येऊन बसे ती दिवस कलेपर्यंत तिथेच. पाटी झाकलेली चंद्रा कोणी पाहिली नव्हती. नवरा पाच वर्षांपूर्वी मुंबईला गेला आणि तिकडेच दुसरं घर करून राहिला. मागे सासू नाही, पोर नाही. सुटी बाई, तिला काय होतंय दिवसभर बसायला, असं हंसा म्हणायची. तेवढ्याने तिची आग विझत नसे, कारण घरी तिचा नवरा देवजीसुद्धा तेच ऐकवायचा.

"चंद्रा बघ कशी बैठक मारते," तो जाळं विणता विणता म्हणायचा. "आनि तू भिंगरी. मी काय समिंदरात तुझ्या हिंडन्यासाठी मरतो?"

दुसऱ्या बाईचं कौतुक नवऱ्याच्या तोंडून ऐकणं हंसाला कधीच पचलं नव्हतं. शुक्रा चंद्रासमोर बसला त्या दिवसापासून तिने पाणी पिणं सोडलं. सकाळी घोटभर चहा, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. ओटीपोट दगडासारखं व्हायचं, मांड्या एकमेकींवर दाबून ती बसायची आणि चंद्राकडे बघत दात खायची. चार दिवसांत लघवीला आग सुरू झाली. पाचव्या दिवशी कापरं भरलं, तेव्हा ती दवाखान्यात गेली.

दवाखान्यातली नर्सबाई घाटावरची होती, बोलायला फटकळ.

"किती वेळ धरून ठेवतेस?"

"दिसभर."

"शाबास! अगं, आतली दोन मूत्रपिंडं रात्रंदिवस थेंब थेंब गाळत असतात. ते सगळं खाली पिशवीत साठतं. पिशवी फुगत जाते, पुरती भरायच्या आधीच तुला कळ देते. तिच्या तोंडाशी आवळलेला स्नायू असतो. तू ठरवलंस की तो सुटतो, पिशवी आकसते आणि सगळं बाहेर टाकते. तू दिवसभर ते अडवून ठेवलंस, वरून पाणी नाही. मग आत घाण वाढणारच."

"आनि एखादी बाई उठतच नसंल तर? सकाळपासून सांजेपर्यंत?"

"पाणी पीत नसेल. पोटभर पाणी पिऊन बसू दे, बघू कशी उठत नाही."

नर्सबाईने गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. हंसाने दोन्ही घेतलं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिच्या मनात औषध नव्हतं, शुक्रवार होता.

शुक्रवारी ती ताडगोळे घेऊन आली. शेजारच्या हॉटेलातून दोन कप चहा मागवला. स्वतःच्या तांब्यातलं माठाचं पाणी चंद्रापुढे धरलं.

"घे गो. ऊन बघ कसं हाय."

चंद्रा बावरली. "नको गो. मी दिसाची पीत नाय."

"मी देते ते पन नको? शेजारीन हाय ना तुझी?"

चंद्राने तिच्याकडे बघितलं. मग तांब्या दोन्ही हातांनी धरून ती प्यायली, आणि प्यायला लागल्यावर थांबेचना, पार तळ गाठला. तोंड पुसताना तिचे डोळे भरून आले होते. हंसाने ते पाहिलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं. चहा गेला, ताडगोळे गेले, दुसरा तांब्या गेला. हंसा मनात म्हणाली, आता बघते तुझी बैठक.

ऊन डोक्यावर आलं. हंसा गोळ्यांच्या जोरावर कशीबशी तग धरून होती. चंद्रा उठली नाही. फक्त तिचे हात भराभर चालू लागले. मासळीवर पाणी, पायांवर पाणी, जमिनीवर पाणी. मग तिचा डबा रिकामा झाला.

"हंसा, पानी दे गो थोडं. वाईच."

"मला मासळीला नको?" हंसा म्हणाली. तिच्या डब्यात अर्ध्याच्या वर पाणी होतं.

 चंद्राने गुडघे जवळ घेतले, लुगडं आवळून खाली दाबलं. थोड्या वेळाने हंसाच्या पायाला ओल लागली. तिने खाली पाहिलं. चंद्राच्या बैठकीखालून एक बारीक ओघळ निघून धुळीतून तिच्या टाचेपर्यंत आला होता.

ओघळ कोमट होता.

हंसाने पाय ओढून घेतला. चंद्राने ते पाहिलं. ती पदराने तोंडावरचा घाम पुसत राहिली. तेवढ्यात समोर शुक्रा पिशवी हलवत येताना दिसला.

तो जवळ आला आणि नाक आक्रसून थबकला. चंद्राचा डबा कोरडा, मासळी सुकत आलेली, आणि तिच्याखाली मात्र काळी ओल.

"हे काय ओघळलंय इथं?" तो म्हणाला. "वास कसला?"

हंसाच्या जिभेवर शब्द आला होता. एकदा उच्चारला असता तर चंद्राला त्या झाडाखाली पुन्हा बसता आलं नसतं. डहाणूत नाही, आणि तलासरीच्या बाजारातही नाही. चंद्रा तिच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या पापलेटांकडे बघत होती.

हंसाने पाय लांब केला. तिचा पाण्याचा डबा आडवा झाला आणि सगळं पाणी फसकन चंद्राच्या पाटीखालून, तिच्या लुगड्याखालून वाहत गेलं.

"सकाळधरनं दोनदा कलंडला मेला," ती ओरडली. "मासळीचं पानी हाय, वास येनार नाय तर काय अत्तराचा येनार? सर बाजूला, चिखल हुईल पायाला."

शुक्रा दोन पावलं मागे सरला. त्याने हंसाच्या पाटीकडे पाहिलं, मग तिच्या रिकाम्या डब्याकडे. "तुझं हे असं, कसला भरवसा?" तो म्हणाला आणि चंद्रासमोर बसला. उद्याच्या जेवणाची सगळी पापलेटं त्याने तिच्याकडे सांगितली.

तो गेल्यावर हंसाने आडवा डबा उचलून उभा केला. हंसाला राग आला होता. शुक्रावर, चंद्रावर, स्वतःवर. संध्याकाळी देवजीला काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं.

"बाळंतपनात पोर अडलं व्हतं माझं," चंद्रा हळूच म्हणाली. "तीन दिस. ते गेलं, आनि आत भोक पडलं. तवापासून लघवी थांबतच नाय. येतं कदी, कळतच नाय. म्हनून नवरा पन गेला."

"मला सांगायचंस ना."

"काय सांगू? तू इतकी रागावलेली."

 हंसाच्या स्वतःच्या ओटीपोटात आता सहन होण्यापलीकडे कळ उठली होती. ती उठायला लागली, पदर खोचला. चंद्रा तिच्याकडे वर बघत होती.

"तू अशी उठून पळायचीस ना खाडीकडं," चंद्रा म्हणाली, "तवा मी लय जळायची तुझ्यावर."

"माझ्यावर?"

"हां." चंद्रा जरा लाजली. "कळ येते म्हंजे कसं वाटतं गो? मी विसरले."

हंसा अर्धवट उठलेली, तशीच एक हात जमिनीला टेकून थांबली. मग ती पुन्हा चंद्राजवळ ओल्यात बसली आणि कसं वाटतं ते सांगू लागली.