बाळसं

“गोळी-बिळी काही नाही हो, ताई. आता दोन्ही वेळा पोटभर जेवतात. चेहरा कसा भरलाय! बाळसं धरलंय अगदी,” फोनवर एका रुग्णाची बायको कौतुकानं सांगत होती.

“दुखण्यावर एखादी पुडी घेतात का?” अक्काने विचारलं.

“ती होय! ती सांध्यांची. ते काय औषध आहे?”

“एकदम बंद करू नका हं. आधी डॉक्टरांना दाखवा,” असं सांगून अक्काने प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नापुढे लिहिलं : स्टेरॉइड असावं.

मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं नवं औषध चालू असताना भूक वाढवणाऱ्या, चेहरा सुजवणाऱ्या या गोळ्यांनी काय होतं, याचा इस्पितळात अभ्यास चालला होता; रुग्णांच्या घरी फोन करायचं काम अक्काकडे होतं. उत्तर डॉक्टरांनाही अजून ठाऊक नव्हतं. पण ज्या घरांतून बाळशाचं कौतुक ऐकलं, त्यांतल्या बऱ्याच घरी पुढच्या वेळी फोन भलतंच माणूस उचलायचं, आणि हळू आवाजात बोलायचं. योगायोग असेलही, पण मनाला कोण समजावणार?

रविवारी ती धाकट्या भावाकडे गेली. त्यालाही तोच आजार, तेच औषध. त्याचं नाव तिने मुद्दाम फोन करणाऱ्या दुसऱ्या बाईच्या यादीत घातलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्याला चमचाही उचलवत नव्हता. आज त्याने स्वतः दार उघडलं.

“ये अक्का, लवकर बस! नाहीतर तुझ्या वाट्याला रिकामी पातेली.”

चेहरा गोल गरगरीत झाला होता.

“बाळसं धरलंय की नाही, अक्का?” भावजय आनंदाने म्हणाली.

अक्काला नववा प्रश्न आठवला. विचारलं तर त्याची पुडी सुटणार, कदाचित नवं औषधही थांबणार, आणि हा पुन्हा अंथरुणाला खिळणार. न विचारावं, तर ते हळू आवाजातले फोन. तो मात्र जन्मात प्रथमच जेवायला बसल्यासारखा जेवत होता.

“तुम्ही सध्या दुखण्यावर काही घेता का?”

तिने जीभ चावली. उभ्या आयुष्यात तिने त्याला अहो-जाहो केलं नव्हतं.

“अगंबाई, नवऱ्याशी बोलल्यासारखं काय!” भावजय हसली. ती एकटीच हसली.

धाकट्याचा घास हातातच राहिला. तो जरा सावरून बसला.

“हो, मॅडम. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पुडीवर नाव नाही.” मग हळूच म्हणाला, “एवढं ताट संपवू द्या. मग लिहा.”

अक्काने पातेलं जवळ ओढलं आणि त्याला आणखी वाढलं.